दिवा लागला की मीटर पळतो

गेल्या महिन्यात आमच्या गटात एका सायकलीच्या मीटरवरून भांडण झालं. भांडण मिटलं, पण ते कशामुळे झालं हे समजायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आमच्या एका बहिणीला आम्ही जवळजवळ चोर ठरवलं होतं. म्हणून आजचं बोलणं सायकलीच्या दिव्याबद्दल आणि मीटरबद्दल.

आमचा गट डबे करतो. भाकरी, भाजी, वाटीभर आमटी. एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीच्या कामगारांना ते सात वाजायच्या आत पोचवायचे असतात. दोघीजणी सायकलवर डबे नेतात. एकीची वाट जवळची, दुसरीची लांबची. दोघींना सारखेच पैसे दिले तर लांब जाणारीवर अन्याय होतो, म्हणून आम्ही किलोमीटरला 4 रुपये ठरवले. किलोमीटर मोजायचे म्हणून दोन्ही सायकलींना मीटर बसवले. एक मीटर वायरचा होता, तो आम्ही तालुक्याच्या दुकानातून आणला. दुसरा बिनवायरचा, कुणाच्या तरी भाच्याने पुण्याहून जुना आणून दिलेला. फुकट मिळाला म्हणून आम्ही खूश झालो. दोन्हींत काही फरक असेल असं त्या वेळी डोक्यातही आलं नाही.

थंडीत पावणेसहाला निघायचं म्हणजे मिट्ट काळोख. त्यात उसाचा हंगाम. ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या, पाठीमागे ना दिवा ना लाल पट्टी. आमची लांबच्या फेरीची बाई एकदा अशाच एका ट्रॉलीवर जाता जाता वाचली. तोवर तिच्याकडे हातातली बॅटरीच होती, ट्यूबच्या रबराने हँडलला बांधलेली. पूर्वी सायकलींना चाकाला घासणारा डायनॅमो असायचा, 6 व्होल्टचा, 3 वॅटचा दिवा. तो बरा होता, पण पाय थांबले की दिवा विझायचा आणि चढावर सायकल जड जायची. आता तो फारसा दिसतही नाही. मग बैठकीत ठरवून आम्ही दोन चांगले, लख्ख एलईडी दिवे घेतले. मोबाइलसारखे चार्ज होणारे. उजेड असा की वीस पावलांवरचा खड्डा दिसावा. हा खर्च आम्हाला एका क्षणालाही जड वाटला नाही आणि आजही वाटत नाही.

दिवे आले त्याच आठवड्यात हिशोब बिघडला.

लांबची फेरी जाऊन-येऊन 11 किलोमीटर आहे. सहा दिवसांचे झाले 66. नोंदवहीत मात्र मीटरवरून लिहिलेला आकडा होता 148. पैशात सांगायचं तर 264 च्या जागी 592 रुपये. जवळच्या फेरीवाल्या बाईचा दिवा तोच, तिचा आकडा मात्र बरोबर. मग काय, कोषाध्यक्ष बाईंनी विचारलं, "दिवे दोघींना एकाच दिवशी दिले, मीटर दोघींना आहे. मग हिचेच किलोमीटर कसे वाढले?" कुणी म्हणालं, घरच्या कामाला सायकल फिरवली असेल. कुणी म्हणालं, चाक उचलून हाताने फिरवलं की मीटर पळतो. ती बाई म्हणाली, "मी आकडा लावत नाही, मीटर दाखवतो तो लिहिते." आम्ही ऐकलं नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'जादा किलोमीटर लावल्याचे दिसून आले'. तिने सायकलची किल्ली सतरंजीवर ठेवली आणि उठून गेली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही.

तिची मुलगी नववीत आहे. आईवर आळ आल्याचं तिला फार लागलं. फेरीवर आता दुसरी बाई जात होती, सायकल मात्र तीच. मुलीने त्या बाईला विनंती केली की डबे पोचले की मीटर बघ आणि परत आलीस की पुन्हा बघ. बघितलं तर जाताना 19 किलोमीटर आणि येताना साडेपाच! रस्ता तोच. जाताना लांब आणि येताना आखूड असा रस्ता कुठे असतो? मुलगी म्हणाली, जाताना अंधार असतो, येताना ऊन आलेलं असतं. फरक तेवढाच.

त्या संध्याकाळी तिने सायकल अंगणात स्टँडवर लावली आणि दिव्याचं बटण दाबलं. चाक जागच्या जागी. मीटर आधी 0, मग 27, मग 43, पुन्हा 0. दिवा बंद केला की मीटर गप्प. आम्हाला बोलावून तिने हे दाखवलं तेव्हा आमच्यातल्या काहीजणी हसल्या आणि काहीजणी खाली बघायला लागल्या.

आता हे होतं कसं, ते सांगतो. आम्हाला ते तालुक्याच्या आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या एका सरांनी समजावलं.

सायकलच्या पुढच्या चाकाच्या आरीला एक लहानसं चुंबक लावलेलं असतं आणि फोर्कला एक डबी. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक डबीसमोरून जातं आणि डबीतली बारीक पट्टी टक्कन चिकटते. एक टक्क म्हणजे एक फेरा. चाकाचा घेर साधारण 2.1 मीटर धरला तर 476 फेऱ्यांचा एक किलोमीटर. मीटरचं काम एवढंच, टक्क मोजायचे आणि घेराने गुणायचे. वायरच्या मीटरमध्ये हा टक्क तारेतून वर जातो. बिनवायरच्या मीटरमध्ये डबीत एक छोटा रेडिओ असतो. तो टक्क हवेतून पाठवतो आणि हँडलवरचा मीटर तो ऐकतो. जुन्या, स्वस्त बिनवायर मीटरमध्ये हा आवाज फार क्षीण असतो, हातभर-दीड हातापलीकडे जात नाही. आणि त्याला काही ओळख नसते. म्हणजे दारावर कुणीतरी टकटक केली एवढंच कळतं, कोण आलं ते कळत नाही.

आता दिव्याकडे या. लख्ख एलईडी दिव्याला सेलची वीज सरळ जोडत नाहीत. सेल भरलेला असताना आणि उतरत आलेला असताना उजेड सारखा राहावा म्हणून आत एक छोटं सर्किट असतं. ते वीज चालू-बंद, चालू-बंद करत असतं, सेकंदाला हजारो वेळा, कधी लाखो वेळा. डोळ्याला ते दिसत नाही. पण विजेची अशी उघडझाप झाली की आजूबाजूला रेडिओची खरखर पसरते. मिक्सर लावला की जुन्या रेडिओवर कर्रर्र होतं ना, विहिरीवरची मोटर सुरू झाली की बातम्यांत खटका बसतो ना, तसंच. दिव्यापासून चार बोटांवर मीटर. मीटरच्या कानाशीच गोंगाट चाललेला. त्या गोंगाटातला एखादा खटका त्याला टक्क वाटतो. सेकंदाला असे खोटे 10 टक्क ऐकू आले तरी हिशोबाने वेग होतो ताशी 75 किलोमीटर! कधी याच्या उलटही होतं. गोंगाटात खरा टक्कच ऐकू येत नाही आणि तुम्ही जोरात पायडल मारत असताना मीटर शून्यावर बसून राहतो. म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी, एकदा गटाचं आणि एकदा चालवणारीचं.

साध्या बॅटरीच्या दिव्याने हे का होत नव्हतं? त्यात असं उघडझापीचं सर्किटच नव्हतं. सेल आणि बल्ब, बस्स.

हे पडताळून बघायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. जुना ट्रान्झिस्टर घ्या, मिडियम वेव्हवर, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि दिव्याजवळ न्या. दिवा त्रास देणारा असेल तर घूंऽऽ असा आवाज येईल. दूर नेला की कमी होईल. आपलं हे केंद्र एफएमवर आहे, तिथे ही खरखर सहसा येत नाही, म्हणून मिडियम वेव्हच लावा. आम्ही आमचे दोन्ही दिवे असे ऐकून बघितले. दोन्ही सारखेच बोंबलत होते! जवळच्या फेरीवाल्या बाईचा मीटर वायरचा होता म्हणून त्याला ते ऐकूच येत नव्हतं. आमचा सगळा संशय ज्यावर उभा होता तो मुद्दा तिथे कोसळला. दोघींचं सामान सारखं आहे असं आम्ही धरलं होतं, आणि ते नव्हतंच.

मग आम्ही उपाय करून बघितले. एकीने दिव्याला चुलीवरच्या पदार्थांना गुंडाळतो ती चांदीसारखी पन्नी गुंडाळली. फारसा फरक पडला नाही, दिवा मात्र तापला. असं करू नका. दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला नेला तर खोटे आकडे बरेच कमी झाले, पण अधूनमधून उडी येतच होती. शेवटी तो पुढच्या टोपलीच्या बाहेरच्या कडेला बसवला, मीटरपासून हातभर लांब, तेव्हा मीटर गप्प झाला. लांब नेण्याचा फायदा मोठा असतो. अंतर दुप्पट केलं की गोंगाट निम्मा नाही, निम्म्याहूनही कितीतरी कमी होतो. ज्या दिव्याची बॅटरी वेगळ्या डबीत असते, त्याची वायरही मीटरजवळून नेऊ नका, वायरसुद्धा खरखर पसरवते. दिव्याचे दोन-तीन उजेड असतात, भडक, मंद, लुकलुकता. प्रत्येकावर मीटर बघा. काही दिवे भडकवर गप्प असतात आणि मंदवर गोंधळ घालतात.

मीटरच्या बाजूनेही बघायला हवं. डबीतला सेल उतरला की टक्क आणखी क्षीण होतो. चुंबक आणि डबी यांच्यात दोन-तीन मिलिमीटरच फट हवी. उच्च दाबाच्या तारांखालून जाताना किंवा रेल्वे फाटकाजवळही असे मीटर घोटाळतात. आणि बिनवायर जुने मीटर असलेल्या दोन सायकली अगदी शेजारी चालल्या तर एकीचा टक्क दुसरीच्या मीटरला ऐकू येऊ शकतो. नव्या, महाग मीटरमध्ये टक्कसोबत सांकेतिक खूण जाते. तो मीटर आपल्या डबीचीच हाक ओळखतो, त्यामुळे असा गोंधळ होत नाही. पण आम्हाला काय, किलोमीटर मोजायचे आहेत. आम्ही सरळ दुसराही वायरचाच मीटर आणला. फक्त वायर फोर्कला नीट गुंडाळून घ्या, नाहीतर डबे उतरवताना अडकून तुटते.

घेर मात्र दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नका. टायरवर खडूची खूण करा, तीच खूण जमिनीवर करा, सायकल सरळ ढकलत एक फेरा पुरा होईपर्यंत न्या आणि टेपने मोजा. सायकलवर रोज बसणारी बाई बसलेली असताना मोजा, कारण वजनाने टायर दबतो. आमच्या मुलीनेच हे केलं. दोन्ही सायकलींचे आकडे तिने नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. मीटर बिघडतो म्हणून दिवा बंद करून सायकल चालवू नका. त्या मधल्या आठवड्यात फेरीवर जाणाऱ्या बाईने, आपल्यावरही आळ नको म्हणून, दोन दिवस दिवा न लावता डबे नेले. आम्हाला हे नंतर कळलं आणि अंगावर काटा आला. आकडा चुकला तर नोंदवही दुरुस्त होते. दिवा थोडा खाली झुकवून लावा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात जात नाही. मागे लाल रिफ्लेक्टर लावा आणि तो पुसून ठेवा, चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा.

आणि आमची ती बहीण. आम्ही पाचजणी तिच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, चहा केला नाही. बरोबरच होतं. रोखून धरलेले खऱ्या किलोमीटरचे 264 रुपये आम्ही तिच्या हातात दिले. ती म्हणाली, "पैशाचं राहू द्या, वहीत काय लिहिलंय ते वाचा." आम्ही वाचलं. इतिवृत्तात खाडाखोड चालत नाही, म्हणून ती ओळ आहे तिथेच आहे. तिच्याखाली पुढच्या बैठकीत लिहिलं, 'वरील नोंद चुकीची होती. मीटर दिव्यामुळे चुकत होता. गटाने खात्री न करता आळ घेतला, त्याबद्दल गट दिलगीर आहे.' खाली तेराजणींच्या सह्या आणि एक अंगठा. कोषाध्यक्ष बाईंनी सही आधी केली.

सोमवारपासून ती पुन्हा फेरीवर आहे. बिनवायरचा मीटर आम्ही मुलीला देऊन टाकला. शाळा दिवसाउजेडी असते, तिला तो चालतो.