सुटींतली चित्रवही

नाताळची सुटी लागली कीं मुंबईंतील बऱ्याच घरांत एकच प्रश्न निघतो : कोठें जावयाचें? ज्यांना सवड व पैसा दोन्ही अनुकूल असतात ते माथेरान-महाबळेश्वर गांठतात. कांहीं मंडळी कोंकणांतल्या आपल्या घरीं जातात. बाकीचीं शहरांतच राहतात, आणि त्या घरांतील मुलें दुसऱ्याच दिवसापासून ‘आतां काय करूं?’ असें विचारून वडील माणसांना भंडावून सोडतात. श्रोत्यांपैकीं पुष्कळांना हा अनुभव असेलच. अशा मुलांच्या हातीं एक कोरी वही व एक मऊ शिशाची पेन्सिल द्यावी आणि त्यांना त्यांच्याच शहरांत हिंडवावें, एवढीच या भाषणांतील सूचना आहे. सूचना नवी नव्हे; पण ती अमलांत कशी येते, हें एका घरच्या हकीकतीवरून चांगलें कळेल.

गिरगांवांतील एका जुन्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर हें बिऱ्हाड आहे. घरांत इयत्ता सातवींतली एक मुलगी व तिची आजी. आईबाप दोघेंही नोकरीवर जाणारीं. आजीचे गुडघे धरल्यापासून, म्हणजे सुमारें दोन वर्षें, ती जिना उतरलेली नव्हती. मुलीला चित्रकलेची आवड. पुढें एलिमेंटरी परीक्षेस बसावयाचें म्हणून तिचा स्मरणचित्राचा सराव चालला होता. स्मरणचित्र म्हणजे पाहिलेला प्रसंग आठवून काढलेलें चित्र. परंतु हिच्या वहींत पानोपानीं दोन डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा सूर्य, नागमोडी नदी, कांठीं एक झोंपडी आणि तिच्यावर ओणवलेलें नारळाचें झाड! हें चित्र ज्यानें काढलें नाहीं असें मूल महाराष्ट्रांत शोधावेंच लागेल. त्यांत चूक सांपडत नाहीं, कारण त्यांत पाहिलेलें असें कांहींच नसतें.

आजीनें चार-पांच पानें उलटलीं आणि म्हटलें, “डोंगर पुष्कळ झाले ग. आपला खालचा नाका मीं दोन वर्षांत पाहिला नाहीं. तेवढा काढून दाखव.”

मुलीनें घरांत बसूनच अर्ध्या तासांत नाका काढला. वडेवाला आला, फुलवाली आली, बसचा थांबा आला. आजीनें चष्मा सारखा केला व विचारलें, “वडेवाल्याची कढई त्याच्या डाव्या हाताला कीं उजव्या?” मुलगी गप्प राहिली. शाळेंत जातां-येतां दिवसांतून दोनदां ती त्या कढईपाशीं थांबत असे, वास घेत असे, कधीं वडाही घेत असे. पण कढई कोणत्या हाताला, हें तिला सांगतां येईना. दुसऱ्या दिवशीं वही घेऊन ती समोरच्या पायरीवर जाऊन बसली. कढई डावीकडे होती. “माझ्या वेळीं उजवीकडे होती,” आजी म्हणाली, “हलवली कशाला?” पुन्हां जाऊन पाहावें लागलें. उजवीकडे आतां गॅसची टाकी ठेवलेली होती.

येथून त्या सुटीला खरा आरंभ झाला. मुलीचा मामा रजेवर होता. तो तिला हिंडवूं लागला.

या उद्योगास मुंबईंत हिंवाळ्यासारखे दिवस नाहींत, आणि तें केवळ हवा गार असते म्हणून नव्हे. डिसेंबरच्या अखेरीस येथें भर मध्यान्हींही सूर्य क्षितिजापासून सुमारें ४७ अंशांच्या वर चढत नाहीं. त्यामुळें दुपारीं बारा-साडेबारालाही खांबाची सांवली जवळजवळ खांबाएवढी लांब पडते. मेच्या मध्यास तोच सूर्य नेमका डोक्यावर येतो, सांवली पायाखालीं जिरून जाते, आणि मग कागदावर घराला जाडी राहत नाहीं कीं माणसाला वजन राहत नाहीं. पावसाळ्यांत तर कागदच हाताशीं मऊ पडतो. हिंवाळ्यांतील सकाळच्या धुरकटानें आणखी एक शिकवण फुकट मिळते : जवळचा दिव्याचा खांब काळा, पलीकडची इमारत करडी, तिच्यामागची नुसती पुसट. हवा श्वासाला चांगली नसते हें खरेंच. पण दूर आणि जवळ कसें दाखवावें, हें मुलांना शब्दांनीं सांगावें लागत नाहीं.

पहिली सहल महात्मा जोतिबा फुले मंडईची. जुन्या मंडळींच्या तोंडीं अजून क्रॉफर्ड मार्केट हेंच नांव आहे. १८६९ सालच्या या इमारतीच्या दारांवर शेतकरी-बाजारकऱ्यांचीं उठावाचीं शिल्पें आहेत, जे. जे. कलाशाळेंत शिकविणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची ती कामगिरी. हजारों माणसें पिशव्या घेऊन त्यांच्याखालून जातात आणि वर पाहत नाहींत. मुलीलाही तीं शिल्पें दिसलीं तीं रस्त्यापलीकडे उभी राहून पेन्सिलीनें दार मोजूं लागल्यावर. आंत गेल्यावर मात्र तिची फजिती झाली. फळवाला वांकला म्हणून काढावें तों तो उभा राही. उभा काढावा तों पाठमोरा होई. तीन पानें अर्धीं राहिलीं आणि डोळ्यांत पाणी आलें. मामा म्हणाला, “त्याच्यामागें धांवूं नकोस. तो एकच काम पुन्हां पुन्हां करतो आहे. परत तसा वांकेल तोंवर थांब.” संत्रीं रचणारा तो माणूस खरोखरच प्रत्येक ओळीनंतर त्याच ओणव्यांत येत होता. तिनें एका पानावर त्याच्या तीन ठेवणी मांडल्या आणि जिची पाळी येईल ती पुरी करीत गेली. परतीच्या बसमध्यें डुलक्या घेणारीं माणसें मिळालीं; असे सोशिक नमुने कोणत्याही कलाशाळेंत मिळणार नाहींत.

रावबहादुर धुरंधर (१८६७-१९४४) हे त्याच कलाशाळेचे विद्यार्थी व पुढें शिक्षक. त्यांनीं पौराणिक चित्रें पुष्कळ काढलीं. परंतु एडवर्ड्स यांच्या ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाच्या १९१२ सालच्या आवृत्तींत त्यांनीं काढलेली मुंबई आहे, आणि त्या शहरांतील लोक कसे दिसत, हें आज ज्यांना पाहावयाचें असेल त्यांना तीं चित्रें अधिक उपयोगीं पडतात.

दुसऱ्या सहलींत मुलीनें काळा घोडा चौकांतील घोडा काढून आणला. आजी हंसली. “अग, वरचा माणूस विसरलीस! मीं शाळेंत असतांना वडिलांबरोबर पाहिला आहे.” कढईच्या प्रसंगीं गप्प बसलेली मुलगी या वेळीं हटेना. “माणूस नव्हता, आजी. त्याच्या पाठीवरचें ऊनसुद्धां मीं काढलें आहे.” दोघींचा अबोला होण्याची वेळ आली. खरें तर दोघींचेंही बरोबर होतें. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढें सातवा एडवर्ड झाला त्याचा, १८७९ सालीं उभारलेला अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून उचलून भायखळ्यास राणीच्या बागेकडे नेला. चौकाला नांव उरलें, घोडा उरला नाहीं. २०१७ सालीं तेथें नवा घोडा उभा केला, तो स्वाराविना.

मामानें हें सांगितल्यावर तिसरी सहल भायखळ्याचीच ठरली. संध्याकाळीं मुलीनें वही आजीच्या मांडीवर ठेवली. घोड्याचे पाय कांहींसे आंखूड झाले होते, पण स्वार होता. आजीनें तें पान बराच वेळ पाहिलें. मग म्हणाली, “एकदां पाहावासा वाटतो. पण तेथवर जायचें म्हणजे आधीं हा जिना.”

दुसऱ्या दिवशीं मुलगी कोठेंच गेली नाहीं. जिन्यांत बसून तिनें एकेक वळण काढलें. पायऱ्या मोजल्या, त्या ४८ भरल्या. कठडा कोठें डावीकडे, कोठें उजवीकडे, कोणती पायरी झिजून उतरती झाली आहे, कोणत्या वळणावर खिडकीचा उजेड येतो, हें सारें चार पानांत उतरलें. आजीनें तीं पानें क्रमानें लावून घेतलीं व पेन्सिलीचें टोंक दुसऱ्या वळणावर ठेवलें.

“येथें खुर्ची मावेल का?”

मुलगी मोजपट्टी घेऊन पुन्हां खालीं गेली.