कामात मन का लागत नाही?

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमातील भाषण)



नोकरी लागली की आपण पेढे वाटतो. दहा वर्षांनी त्याच माणसाला काम कसे चालले आहे असे विचारा, तो पगाराची तारीख सांगतो. कामाबद्दल बोलत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हा प्रश्न मांडला. जन्माने गळ्यात पडलेल्या धंद्यात माणसाचे मन नसते, आणि मन नसेल तिथे काम चांगले कसे होणार? ही गोष्ट त्यांना दारिद्र्यापेक्षाही गंभीर वाटली. त्यांनी गिरण्या पाहिल्या होत्या. मुंबईत विणकाम खात्यात पगार जास्त. पण तुटलेला धागा जोडताना थुंकी लावावी लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

पुढे १९५९ साली अमेरिकेत हर्झबर्ग यांनी अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवरून दाखवले, की पगार व सोयी चांगल्या असल्या तर तक्रार कमी होते. समाधान मात्र जबाबदारीतून, पार पडलेल्या कामातून येते.

आमच्या बँकेचेच पाहा. लेजरच्या काळात शेतकऱ्याला टोकन मिळे. एकजण नोंद करी, अधिकारी सही करी, रोखपाल पैसे देई. नोंद करणाऱ्याला खातेदार दिसतही नसे. एक खिडकी आली आणि एकच कारकून पूर्ण व्यवहार करू लागला. गर्दी तीच, पण झालेले काम आपले वाटते. (संगणक बंद पडला की शिव्याही आपल्याच, ही गोष्ट वेगळी!)

मात्र हे सफाई कामगाराला ऐकवायला जाऊ नका. हाताने मैला साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी गटारात माणसे मरतातच. तिथे आधी यंत्र, हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार हवा. आणि त्याचे ऐकलेही पाहिजे. कोणती नाली कुठे तुंबते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? तरी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते.

आपल्यातले जे आज मुख्याध्यापक, शाखाधिकारी आहेत, त्यांना एक विनंती आहे. हाताखालच्या शिपायाला एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोपवा. कसे करायचे ते त्यालाच ठरवू द्या. पुढच्या पौर्णिमेला विहारात भेटू, तेव्हा काय झाले ते सांगा.

जयभीम!