भर समुद्रात मिस्त्री कुठून आणणार?



आज मी समुद्राची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, यवतमाळच्या बायांना समुद्राचं काय? आपलं पाणी म्हणजे वर्धा, पैनगंगा, नाहीतर बेंबळा धरण. पण गेल्या तुरीच्या हंगामात आमच्या एका गटाची डाळ मिल चार दिवस बंद पडली, आणि तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

१० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून ‘तारिणी’ नावाची शिडाची नौका निघाली. नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यावर होत्या आणि वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख होत्या. त्यांना पृथ्वीला प्रदक्षिणा घालायची होती, तीही वाऱ्याच्या बळावर. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिकेचं टोक, आफ्रिका असं करत २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. २५४ दिवस लागले. या नौकेची लांबी आपल्या शाळेच्या दोन खोल्यांएवढी, साधारण सतरा मीटर. तिच्यावर या सहा जणींशिवाय कोणीही नव्हतं.

अशा नौकेवर एक छोटं डिझेल इंजिनही असतं. बंदरात आत-बाहेर करायला, वारा पडला तर पुढं सरकायला आणि बॅटऱ्या चार्ज करायला त्याचा उपयोग होतो. दिवे, वायरलेस, नकाशाचं यंत्र, सगळं बॅटरीवर. म्हणजे शिडाच्या नौकेलाही इंजिन बंद पडणं परवडत नाही.

मग ते बंद पडलं तर दर्यावर्दी माणूस काय करतो? तो आधी इंजिनाकडे धावत नाही. आधी नौकेकडे पाहतो. वारा आणि प्रवाह आपल्याला कुठं नेतो आहे? जवळ खडक आहे का? मग शीड चढवतो, किनारा जवळ असेल तर नांगर टाकतो. नौका सुरक्षित झाली की मग इंजिनाचं झाकण उघडतो. आणि तेही सोप्यापासून अवघडाकडे. टाकीत डिझेल आहे का? फिल्टर तुंबला का? नळीत हवा धरली का? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत कचरा अडकला का? समुद्र खवळला की टाकीच्या तळाचा गाळ वर येतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. बरेचदा दुखणं एवढंच असतं.

हे ऐकून तुमच्यातल्या कितीतरी जणी मनात म्हणाल्या असतील, आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचंही असंच होतं. अगदी तसंच!

तारिणीची मोठी परीक्षा शेवटच्या टप्प्यात झाली. एप्रिल २०१८ मध्ये केप टाऊनहून गोव्याकडे येताना तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणू म्हणजे नौकेची दिशा धरणारं अंग. घर समोर दिसत असताना हे झालं. ठरलं नव्हतं तरी त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबून दुरुस्ती करून घेतली आणि मग पुढं निघाल्या. कुठं आपल्या हातानं निभवायचं आणि कुठं थांबून मदत घ्यायची, हे कळणं म्हणजेच शहाणपण. आणि ते ऐन वेळी येत नाही. या सहा जणींना कॅप्टन दिलीप दोंदे यांनी तयार केलं होतं. एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय, २००९-१० सालचे.

आता आमच्या डाळ मिलकडे येते.

लाईटचा भरवसा नाही म्हणून गटानं मिलला डिझेल इंजिन जोडलं. ते सुरू करणं एकाच ताईला जमायचं. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि इकडं इंजिन बंद पडलं. मिस्त्रीला फोन केला तर तो म्हणाला, चार दिवसांनी येतो. बाहेरगावच्या लोकांनी पोत्यांवर पोती आणून ठेवलेली. दोन दिवस वाट पाहून त्यांनी तूर परत नेली. त्या महिन्याचा कर्जाचा हप्ता चुकला. बैठकीत सगळा राग त्या ताईवर निघाला. ती नसताना! ती परत आल्यावर दोन बैठकांना आलीच नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्री आला. फिल्टर खोलला, गाळ आणि पाणी काढलं, नळीतली हवा काढली. अर्धा तास. आम्ही डिझेल उघड्या कॅनमध्ये ठेवत होतो, त्यात धूळ आणि पाणी गेलं होतं.

मैत्रिणींनो, चूक त्या ताईची नव्हती. मिल बसवली त्या दिवशी मीच बायांना सांगितलं होतं, “यंत्राला हात लावू नका, बिघडलं तर मिस्त्रीला बोलवा.” काळजीपोटी बोलले, पण माझ्या त्या एका वाक्यानं दहा जणींचे हात बांधले. मी त्या ताईच्या घरी गेले, हे तिला सांगितलं, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. ती परत आली. आता तीच बाकीच्यांना शिकवते.

गटानं आता चार गोष्टी ठरवल्या आहेत. प्रत्येक काम कमीत कमी तिघींना आलं पाहिजे. डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये, गाळून भरायचं. एका पेटीत फिल्टर, पट्टा आणि पाने ठेवायचे. बिघाड काय झाला आणि कसा दुरुस्त झाला, ते वहीत लिहायचं. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: यंत्र पूर्ण बंद आणि थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही, पदर खोचलेला हवा, आणि विजेच्या तारांचं काम वायरमनचंच.

२०२४ च्या २ ऑक्टोबरला तीच तारिणी पुन्हा निघाली. या वेळी दोघीच होत्या, दिलना आणि रूपा. मे २०२५ मध्ये त्या परत आल्या. दोघीच असल्या की ‘हे माझं काम नाही’ म्हणायला जागाच उरत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपल्या गटात असं कोणतं काम आहे, जे एकाच बाईला येतं? त्या बाईला बोल लावू नका. तिच्या शेजारी बसा आणि शिकून घ्या.