प्राथमिक शाळेतील इंग्रजी आणि आपल्या घरची बोली

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिच्यामागे निकडीचे कारण आहे. आपल्या शिक्षण-निधीतून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांच्या फीस साहाय्य द्यावे, असा ठराव आज दुपारी आपणांपुढे यावयाचा आहे. आमचे आयुष्य भंडारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांपुढे गेले. तेव्हा इंग्रजीसारखी परकी भाषा लहान मुलाच्या जिभेवर कशी चढते आणि कशी चढत नाही, एवढे आम्ही अनुभवाने सांगू शकू. मत देण्यापूर्वी ते ऐकून घ्यावे, इतकीच विनंती.

इ.स. २००० च्या जूनपासून महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. तोवर इंग्रजी पाचवीत येत असे. त्या निर्णयावर पुण्या-मुंबईकडे पुष्कळ वाद झाला. इकडे पऱ्हे टाकण्याची घाई चाललेली होती, वाद कोण करणार? आम्ही स्वतः पाचवीत एबीसीडी गिरविलेले. इंग्रजीतून दोन वाक्ये सलग बोलण्याचा प्रसंग आमच्यावर कधी आला नव्हता, आणि सहा वर्षांच्या बालकांस ती भाषा शिकविण्याचे काम मात्र आले. आम्हांस जे येत होते तेच आम्ही केले. फळ्यावर शब्द लिहिला, खाली देवनागरीत उच्चार लिहिला आणि मुलांकडून तो पंचवीस वेळा उतरवून घेतला. अक्षरे सुरेख झाली. इंग्रजी आले नाही.

त्याच वर्षीची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वर्गात एका शेतमजुराची चुणचुणीत मुलगी होती. ‘शी’ हा शब्द ती ‘सी’ असा वाचीत असे. आम्ही तिला तीनचारदा सर्वांदेखत उभे केले, वर्ग हसला. दिवाळीनंतर इंग्रजीच्या तासाला त्या मुलीने तोंड उघडले नाही. पुढे ती दहावीस इंग्रजीतच अडली आणि तिचे शिक्षण तेथेच थांबले. त्याचा सारा दोष आमचाच होता असे नाही. पण आरंभ कोणी केला हे आम्ही विसरू शकत नाही.

तिची चूक कोठून आली, हे कळावयास आम्हांस फार वर्षे लागली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा जो अभ्यास केला, त्याकडे लक्ष गेल्यावर उलगडा झाला. आपल्या बोलीत ‘श’ नाही, ‘ण’ नाही, ‘ळ’ही नाही. पाण्याला आपण पानी म्हणतो, डोळ्याला डोरा. ती मुलगी चुकत नव्हती. घरी जे कान तयार झाले होते, त्या कानांनी ऐकत होती. आणि यातील गंमत अशी, की ज्या ‘ण’ आणि ‘ळ’साठी आम्ही मराठीच्या तासाला मुलांना रागे भरत आलो, ते दोन्ही वर्ण इंग्रजीत नाहीतच! तेथे ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचे काहीच अडत नाही. अडते ते ‘श’पाशी, आणि त्याला उपाय रागावणे नव्हे, तर ‘सी’ आणि ‘शी’ ही जोडी शंभर वेळा खेळातून ऐकविणे.

तेव्हा आपल्या मुलाच्या बाबतीत इंग्रजी ही दुसरी भाषा नव्हे, तिसरी होय. घरी झाडी, तुमसर-मोहाडीकडे पुष्कळ घरांत पोवारी, कोठे गोंडी. शाळेत पुस्तकी मराठी. आणि तिच्या पाठोपाठ इंग्रजी. अमेरिकेत १९७४ साली ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोठा निर्णय दिला. सॅन फ्रान्सिस्को शहरातील सुमारे १,८०० चिनी वंशाच्या मुलांना इंग्रजी येत नसता, त्यासाठी वेगळे साहाय्य न देता, इंग्रजीतूनच शिकविले जात होते. सर्वांना तीच पुस्तके आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. त्या मुलांना निदान रस्त्यावर, दुकानात इंग्रजी ऐकू तरी येत होते. आमच्या लाखांदूरच्या मुलाला ते शाळेतील एका तासापुरते भेटते, आणि घंटा झाली की नाहीसे होते.

हा तास कसा वापरावा, हे आम्ही उतारवयात शिकलो. २०१६ नंतर टाटा ट्रस्ट व ब्रिटिश कौन्सिल यांच्या साहाय्याने राज्यात ‘तेजस’ उपक्रम चालला. त्यात शिक्षकांनीच गट करून एकमेकांस शिकवावयाचे, अशी रीत होती. ती रीत आम्हांस पटली. पहिले काही आठवडे मुलाने बोललेच पाहिजे असा हट्ट नको. गुरुजी इंग्रजीत ‘उठा’, ‘दार उघडा’, ‘टाळी वाजवा’ असे सांगतील, मुलांनी करून दाखवावे. कान भरू द्यावेत. गोष्ट प्रथम बोलीत सांगावी, मग तीच इंग्रजीत; कोल्हा कोठे फसला हे ठाऊक असले, की परका शब्दही अर्थासह पकडला जातो. मुलाजवळ असलेली शिल्लक मोजावी. पंप, मोटर, थ्रेशर, ट्रॅक्टर, मोबाइल, इतकेच काय, धानाचा बोनससुद्धा पोरांना ठाऊक असतो! आणि दोन भाषांची घडण शेजारी ठेवून दाखवावी. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, तो ‘वर’ इंग्रज आधी आणतो. आपले क्रियापद शेवटी, त्याचे मध्ये. आठ वर्षांच्या मुलास हे कोड्यासारखे गोड वाटते. कॅनडाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार हाच आहे: पहिल्या भाषेत वाचणे-समजणे पक्के झाले, तर ते बळ दुसऱ्या भाषेस उपयोगी पडते.

आता ठरावाकडे येतो. इंग्रजी नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचा स्वतःचा नातू नागपुरास इंग्रजी माध्यमात शिकतो, हे लपविणे बरे नव्हे. त्याच्या घरी आईबाप दोघेही इंग्रजी जाणतात. परंतु ज्या घरी गृहपाठ वाचून पाहणारे कोणी नाही, तेथील बालकास गणितही इंग्रजीतून आणि परिसरही इंग्रजीतून दिले, तर गणित राहते आणि इंग्रजीही राहते. पाठ केलेली कविता तो पाहुण्यांपुढे म्हणतो, आईबाप हरखतात. तिचा अर्थ विचारला की तो खाली पाहतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे कलम २९ मध्ये घातले आहे, ते उगीच नव्हे. आणखी एक. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकांची पदे पटावरील संख्येवर ठरतात. आपल्या समाजाची दहा मुले बसगाडीने बाहेर गेली, तर गावातील शिक्षक कमी होण्याची वेळ येते, आणि मागे राहतात ती आपल्याच समाजातील गरिबांची मुले.

म्हणून आमची दुरुस्ती अशी: निधीचा निम्मा भाग फीसाठी न देता, ज्या गावी समाजभवन आहे तेथे सायंकाळी एक तास गोष्टींचा वर्ग चालविण्यासाठी द्यावा. मराठी व इंग्रजी गोष्टींची चित्रमय पुस्तके घ्यावीत; महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ती लहानग्यांस वाचून दाखवावीत व त्यांस अल्प मानधन मिळावे. वर्ग सर्व जातींच्या मुलांस खुला असावा. रोवणीच्या दिवसांत मुले येणार नाहीत, हे गृहीत धरून वर्षाची आखणी करावी. पहिल्या वर्षी मोहाडी तालुक्यातील दोन गावांपासून आरंभ करण्यास आम्ही तयार आहोत, आणि त्यांपैकी एका गावी आम्ही स्वतः रोज जाऊ. दुरुस्तीचा लेखी मसुदा चिटणीसांकडे दिला आहे.