शर्यतीच्या मोटारीची पूर्वतयारी

जुनी मोटार विकत घेऊन ती शर्यतीसाठीं सिद्ध करावयाची, हा छंद अमेरिकेंत पुष्कळांना आहे. नोकरीधंदा सांभाळून सुटीच्या दिवशीं शर्यतींत उतरणारीं हीं माणसें. १९४४ सालीं स्थापन झालेली स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था त्यांच्यासाठीं हौशी शर्यती भरविते. जपानच्या माझ्दा कारखान्यानें १९७८ सालीं काढलेली आर-एक्स सेव्हन ही गाडी या मंडळींची फार आवडती. वजन हजार किलोग्रामच्या आसपास, बांधा ठेंगणा, यंत्र लहान. मात्र तें यंत्र इतर मोटारींसारखें नाहीं. आणि ही गोष्ट विसरून जो तयारीला लागतो, त्याचे घरखर्चांतून बाजूला काढलेले पैसे पहिल्याच दिवशीं धुरांत जातात.

सामान्य मोटारींत दट्ट्या खालींवर होतो आणि झडपा उघडतात-मिटतात. येथें दट्ट्या नाहीं कीं झडप नाहीं. कमरेशीं किंचित् आवळलेल्या लंबवर्तुळासारखी एक पोकळी, आणि तिच्यांत फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. त्याला रोटर म्हणतात; या गाडींत असे दोन असतात. रोटरच्या तिन्ही टोकांवर एकेक पट्टी बसविलेली असून ती पोकळीची भिंत सतत घांशीत फिरते. यंत्राचा सारा जीव त्या पट्ट्यांत. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेवरून असें पहिलें यंत्र एन-एस-यू कारखान्यांत १९५७ सालीं चाललें. पुढें हिरोशिमाच्या कारखान्यानें तें हातीं घेतलें, तेव्हां पट्ट्यांच्या थरथरीनें भिंतीवर उठणारे ओरखडे पाहून तेथील इंजिनिअरांनीं त्यांना सैतानाच्या नखांची उपमा दिली. केनिची यामामोतो व त्यांचे सहकारी यांनीं त्यावर उपाय काढला, आणि १९६७ सालीं या यंत्राची कॉस्मो ही गाडी विक्रीस आली.

जात्यांत घास न टाकतां तें फिरविलें, तर दगडावर दगड घांसतो. या पट्ट्यांचेंही तसेंच आहे. त्यांना वंगण मिळावें म्हणून एक लहानसा पंप थोडें थोडें तेल यंत्रांत सोडीत असतो, आणि तें पेट्रोलाबरोबर जळून जातें. तेव्हां हें यंत्र तेल खातें अशी तक्रार करणें व्यर्थ. तें त्याचें अन्नच आहे. शर्यतवाले बहुधा त्या पंपावर विसंबत नाहींत. जळून स्वच्छ जाणारें निराळें तेल ते पेट्रोलांतच मिसळतात.

खरा शत्रु उष्णता. यंत्राची पोकळी अॅल्युमिनियमची, तिच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्या बिडाच्या. दोन्ही धातु तापल्यावर सारख्या फुगत नाहींत. मधल्या रबरी कड्या एकदां करपल्या, कीं थंडाव्याचें पाणी जळणाच्या कप्प्यांत शिरतें आणि सगळें यंत्र खोलावें लागतें. शिवाय रोटर आंतून तेलानेंच थंड होतो; त्यामुळें तेल थंड ठेवणारी जाळी येथें पाण्याच्या जाळीइतकीच महत्त्वाची. १९८३ पासून लहान यंत्राच्या गाड्यांत ही जाळी काढून पाण्यानें तेल निवविणारें एक डबडें बसविण्यांत आलें. रस्त्यावर तें पुरतें. शर्यतींत पुरत नाहीं. जाणकार तें काढून पूर्वीची जाळी पुढें बसवितात, आणि तेल व पाणी या दोहोंसाठीं स्वतंत्र उष्णतामापक लावतात. पाणी निघून गेलें तर पाण्याच्या मापकाचें टोंक कोरडें पडतें, आणि यंत्र भाजत असतांना कांटा मात्र खालीं राहतो. असल्या कांट्याकडे पाहून निश्चिंत राहणें म्हणजे झोपलेल्या पहारेकऱ्यावर घर सोपविणें होय.

यंत्र इतकें सुरळीत फिरतें कीं चालकाला वेगाची जाणीव राहत नाहीं. मिनिटास सात हजार फेऱ्यांची मर्यादा जवळ आली कीं इशारा वाजावा, अशी योजना कारखान्यालाच करावी लागली. तरीही नवशिक्याला मोह होतो तो यंत्राचीं तोंडें कोरून रुंद करण्याचा. शक्ति वाढते हें खरें. पण आवाज असह्य होतो आणि आयुष्य घटतें. मूळच्या गाड्यांच्या वर्गांत तर तें नियमबाह्यच आहे. तोच पैसा गतिरोधकावर खर्चिला तर बरें. त्याचें द्रव हवेंतील ओल शोषून घेतें; वळणापूर्वी वारंवार पाय दाबल्यानें तें उकळतें आणि ऐन वेळीं पाय थेट तळाला जातो. पोलादी नळ्यांचा पिंजरा, छातीचे पट्टे व आग विझविण्याचें साधन यांवांचून कोणीही मैदानांत जाऊं देत नाहीं.

शेवटची परीक्षा दाबाची. प्रत्येक रोटरला तीन कप्पे, म्हणून प्रत्येकाचे तीन आंकडे घ्यावे लागतात. एक पट्टी दोन कप्प्यांच्या मधोमध असते. ती झिजली तर शेजारचे दोन आंकडे पडतात. प्रवेशशुल्क भरलेलें, मित्रमंडळी जमलेली, आणि वहींत तीनपैकीं दोन आंकडे उणे! अशा सायंकाळीं अनुभवी मनुष्य गाडी घरींच ठेवतो आणि सकाळीं यंत्र उतरवायला घेतो.