आई सीमेवर, लेक माझ्या घरी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला संगणक क्षेत्रावर बोलायला सांगितलं होतं. त्यांच्या परवानगीने मी विषय बदलला आहे. घरातलं माणूस फौजेत असणं आपल्या सातारा जिल्ह्याला नवं नाही. अपशिंगे गावाच्या तर नावातच 'मिलिटरी' आहे. आपल्या वर्गातलेही काही जण वर्दीत गेले. पण आजवर बाप सीमेवर आणि आई घरी, अशीच घडी होती. ती आता बदलते आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी सेवेचा मार्ग मोकळा झाला. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. उद्या या मुली आई होतील, त्यांना फील्ड पोस्टिंग येईल. मग मूल कुणाकडे राहणार, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्या तरी दारात येईल. आमच्या दारात तो जून २०२३ मध्ये आला.

माझी धाकटी बहीण लष्करात डॉक्टर आहे आणि मेहुणेही लष्करात आहेत. नवरा-बायकोला एका ठिकाणी ठेवण्याचा प्रयत्न होतो, पण दर वेळी जमत नाही. दोघांनाही एकाच सुमारास फील्ड आलं. तिथे कुटुंब नेता येत नाही. महिला अधिकाऱ्यांना मुलांसाठी ३६० दिवसांची रजा असते, पण ती साऱ्या नोकरीभराची मिळून. दोन वर्षांचं पोस्टिंग त्यात बसवणार कसं? आई-अण्णा गावी, दोघंही गुडघ्यांनी बेजार. पाच वर्षांची भाची आमच्याकडे पुण्याला आली आणि दोन वर्षं राहिली.

आपल्याकडे अशा वेळी सगळे म्हणतात, "काळजी करू नकोस, आम्ही आहोत." हे वाक्य मनापासूनचं असतं, पण त्यावर दोन वर्षं निघत नाहीत. अमेरिकेच्या लष्करात एकट्या पालकाला किंवा दोघंही सैन्यात असलेल्या जोडप्याला मुलांच्या सांभाळाची लेखी योजना आधीच द्यावी लागते. मूल कोण घेणार, त्याच्या हाती कोणती कागदपत्रं असतील, सगळं त्यात येतं. आम्हीही तसंच एक वही घेऊन बसलो.

आधी कागदपत्रं. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, लष्करी रुग्णालयात लागणारं ओळखपत्र आणि शाळेसाठी व दवाखान्यासाठी दोघांच्या सहीचं, नोटरी केलेलं अधिकारपत्र. एक गोष्ट ध्यानात ठेवा, अशा पत्राने पालकत्व बदलत नाही. कायद्याने पालक आई-वडीलच राहतात. म्हणून कुठले निर्णय कुणाचे, हेही लिहिलं. ताप, जेवण, शाळेची सहल, हे माझं मी ठरवायचं. शाळा बदलणं, ऑपरेशन, मोठा प्रवास, हे त्यांना विचारून. संपर्कच झाला नाही आणि डॉक्टर थांबायला तयार नसतील, तर काय करायचं, तेही बहिणीने स्वतःच्या हाताने लिहून दिलं. लिहिताना तिचा हात थांबला होता. पण लिहिलं.

मग पैसे. "तुझ्याकडून कसले पैसे घ्यायचे?" असं मी म्हणाले. ती म्हणाली, "ताई, मला लेकीसाठी काहीतरी करू दे." वेगळं खातं काढलं. तिची रक्कम त्यात, खर्च त्यातूनच. माझ्या सासूबाईंना किंवा मुलाला कधी हिशेब मनात ठेवावा लागला नाही.

मी आणि नवरा दोघंही नोकरीवाले. म्हणून राहून सांभाळणाऱ्या एक बाई ठेवल्या. त्यांची पोलीस पडताळणी केली, पगार, महिन्याच्या चार सुट्ट्या आणि निजायला स्वतंत्र जागा आधी ठरवली. घरात दोन मावश्या नकोत म्हणून त्या 'काकू' झाल्या. पण त्या सुट्टीवर आणि मी गावाला, असं झालं तर? शाळेतून न्यायला येणाऱ्यांच्या यादीत आमच्यानंतर दोन नावं होती. त्यातली एक आपल्याच वर्गातली. मी कामासाठी बंगळुरूला अडकले आणि काकूंना ताप आला, तेव्हा तीन दिवस हिनेच भाचीला नेलं-आणलं. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेतलं तर उठून जाईल.

आता वहीत न मावलेलं सांगते. फोन कधी येईल, हे नक्की नसायचं. म्हणून आम्ही कधीही "रविवारी आईचा फोन येणार" असं म्हटलं नाही. बहिणीने जाण्याआधी गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, त्या रात्री लावायचो. पत्रं जायची. पत्त्यावर गाव नसायचं, नुसतं 'द्वारा ५६ एपीओ'. भाचीने विचारलं, "हे कुठलं गाव?" मी सांगितलं, आईचं गाव सारखं बदलतं, पण टपालवाल्यांना ते बरोबर सापडतं.

एकदा जेवताना ती मला 'आई' म्हणाली आणि स्वतःच दचकली. मी म्हटलं, "मी मावशीच. आई ड्यूटीवर आहे." सांगायला सोपं नव्हतं. खोटं कशाला बोलू, तो शब्द कानाला गोड लागला होता. पण मूल सांभाळायला घेतलं की ते परत द्यायचं आहे, हे पहिल्या दिवसापासून मनाला बजावावं लागतं. बहीण सुट्टीवर आली, तेव्हा लेक माझ्या मागे लपली. तिला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, असं होतं आणि दोन दिवसांत जातं. तरी ती स्वयंपाकघरात जाऊन रडलीच.

मे २०२५ चे ते चार दिवस तुम्हाला आठवत असतील. बहिणीचा फोन नाही, मेहुण्यांचाही नाही. आम्ही टीव्ही बंद ठेवला. भाचीने विचारलं, "आईला काही होणार नाही ना?" "काही होणार नाही" हे मी म्हणू शकत नव्हते. म्हटलं, "आई कामावर आहे. फोन आला की सगळ्यात आधी तुझ्या हातात देईन." फोन आला आणि तिच्याच हातात दिला.

जूनमध्ये बहिणीची बदली झाली. तिने लेकीला लगेच नेलं नाही. दहा दिवस आमच्याकडे राहून शाळेचा डबा, वेणी, झोपवणं, सगळं हळूहळू हातात घेतलं. माझा मुलगा आठवडाभर गप्प होता. त्याचाही विचार करावा लागतो, कारण बहीण त्याचीही गेली होती.

मित्रांनो, आपल्या ओळखीत कुणी फौजेत असेल, तर "काही लागलं तर सांग" म्हणू नका. "गुरुवारी मुलाला शाळेतून मी आणते" असं म्हणा. आपल्या बॅचच्या ग्रुपवर आज अशी एक यादी करूया, कुठल्या गावात कोण काय करू शकेल, त्याची. पुण्यासाठी पहिलं नाव माझं लिहा.