सांगली-साताऱ्याहून सातासमुद्रापार

युरोप-अमेरिकेची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तारखेचा घोळ इथेच होतो. तिकिटावर १५ मे, रात्री १.४० असं असेल, तर घर १४ तारखेलाच सोडायचं. १५ च्या संध्याकाळी बॅगा भरून निघणाऱ्यांचं विमान आदल्या रात्रीच उडालेलं असतं.

आता हिशेब उलटा मांडून पाहा. आंतरराष्ट्रीय उड्डाणाआधी तीन तास, म्हणजे साडेदहापर्यंत विमानतळ गाठायचा. सांगलीहून मुंबई पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत खंबाटकी आणि बोरघाट. जेवणाचा थांबा धरून आठ-नऊ तास लागतात. पावसाळ्यात किंवा रविवारी दोन तास जादाच धरावेत. म्हणजे सांगलीकरांनी दुपारी बाराच्या आत निघालेलं बरं. सातारकरांचं अंतर अडीचशेच्या घरात, त्यांना दुपारी तीनपर्यंत सवड मिळते.

कोल्हापूरहून मुंबईपर्यंत विमानानं जायचं असेल, तर दोन्ही टप्पे शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढची कंपनी सहसा थांबतही नाही, पैसेही परत देत नाही. मग आदल्या दिवशीच मुंबई गाठून मुक्काम केलेला परवडतो.

लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. पोहोचल्या दिवशी मोठा फेरफटका ठेवू नये, ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर मुळीच नाही.

युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. मे महिन्याच्या सुट्टीसाठी जानेवारीतच कागदपत्रं काढून ठेवावीत.